उन्हाळी संशोधन इंटर्नशिप: दोन ठिकाणांहून होकार आला तर कुठे जायचं?

आमच्या लॅबमध्ये दर उन्हाळ्यात दोन-तीन शाळकरी विद्यार्थी येतात आणि त्यांना हाताशी धरून कामाला लावायची जबाबदारी माझ्याकडे असते. पहिल्या दिवशी मी एकच प्रश्न विचारते, "इथेच का आलात?" बहुतेकांचं उत्तर संस्थेच्या नावापाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. नावाची भुरळ मलाही कळते. पण ज्यांचा अख्खा उन्हाळा वाया गेलेला मी पाहिला, त्यांनीही निवड नाव बघूनच केली होती. ज्यांचं काम जमून आलं, त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या: दिलेल्या आठवड्यांत पुरा होईल एवढाच प्रश्न आणि रोज शेजारी बसणारा माणूस. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टी अर्ज करतानाच कशा शोधायच्या, त्यासाठी आहेत.

पायरी १: पाटीमागे काय आहे ते ओळखा

'समर रिसर्च' या एकाच पाटीखाली अगदी वेगवेगळी दुकानं चालतात.

पहिला प्रकार, चाळणी लावून निवडणारे निवासी कार्यक्रम. अमेरिकेतली रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे आरएसआय, हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. १९८४ साली सुरू झालेला हा सहा आठवड्यांचा कार्यक्रम एमआयटीत भरतो. सुरुवातीला वर्ग, मग मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रत्यक्ष संशोधन आणि शेवटी लेखी पेपर व सादरीकरण. शिकवणीची फी नाही. अर्ज जगभरातून येतात आणि जागा मोजक्या, त्यामुळे इथे नकार आला तर त्यावरून स्वतःची किंमत करू नका.

दुसरा प्रकार, चालू असलेल्या लॅबमध्ये एकेका विद्यार्थ्याला बसवणं. तुम्ही तिथल्या संशोधकांच्या रोजच्या कामाचा एक तुकडा उचलता. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर इथली जॅक्सन लॅबोरेटरी कित्येक दशकांपासून उन्हाळ्यात विद्यार्थी घेते. १९५५ च्या उन्हाळ्यात तिथे डेव्हिड बाल्टिमोर नावाचा एक शाळकरी मुलगा आला. त्याच उन्हाळ्यात तिथे त्याच्याहून थोडा मोठा हॉवर्ड टेमिन होता आणि लहान मुलांना काय चाललंय ते समजावून सांगणं ही त्याची जणू हौसच होती. पुढे १९७० मध्ये या दोघांनी वेगवेगळ्या लॅबमध्ये, स्वतंत्रपणे, आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर शोधलं आणि १९७५ चं नोबेल रेनातो दुल्बेको यांच्यासह दोघांना मिळालं. तुम्हालाही नोबेल मिळेल असं मी म्हणत नाही. त्या मुलाला त्या उन्हाळ्यात नेमकं काय मिळालं तेवढं बघा: प्रश्न विचारावेसे वाटतील असा, वयाने जवळचा, कामात पुढे गेलेला माणूस.

तिसरा प्रकार, फी घेऊन विद्यापीठाच्या आवारात चालणारे अभ्यासक्रम. यातले काही खरोखर चांगले शिकवतात. पण तो अभ्यासक्रम आहे, संशोधन नव्हे. प्रयोगांची उत्तरं आधीच ठाऊक असतात आणि वीस जण एकाच वेळी तेच करतात. 'विद्यापीठात भरतो' आणि 'विद्यापीठ चालवतं' यांतला फरक वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडतो. उन्हाळ्यात रिकामी वसतिगृहं आणि वर्गखोल्या भाड्याने घेणाऱ्या खासगी कंपन्या असतात. त्यांच्या जाहिरातीत इमारतीचा फोटो मोठा असतो आणि शिकवणाऱ्याचं नाव मात्र नसतं.

चौथा प्रकार, पैसे देऊन ऑनलाइन मार्गदर्शक मिळवणं. त्याबद्दल पैशांच्या पायरीत बोलू.

पाचव्या प्रकाराला पाटीच नसते: तुम्ही स्वतः एखाद्या संशोधकाला ई-मेल करून जागा मिळवता. माझ्या मते हा सर्वांत कमी वापरला जाणारा मार्ग आहे, आणि तो उत्तमही निघू शकतो, कारण तुम्हाला घ्यायचं की नाही हे ज्याला तुमच्यासोबत बसायचंय त्यानेच ठरवलेलं असतं.

पायरी २: जिथे जाताच येणार नाही ती नावं खोडा

याला एक संध्याकाळ पुरते. वयाची अट बघा. जैववैद्यकीय लॅबमध्ये सोळा पूर्ण ही अट बऱ्याच ठिकाणी असते, कारण तिथे घातक रसायनं आणि जैविक नमुने हाताळायचे असतात. सरकारी संशोधन संस्थांमध्ये अनेकदा नागरिकत्वाची अट असते. तारखा शाळेच्या परीक्षेवर आदळतात का ते बघा. निवासी कार्यक्रमात मधूनच दोन-चार दिवस बाहेर जाता येतं, असं गृहीत धरू नका. उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यासाठी बऱ्याच ठिकाणचे अर्ज डिसेंबर ते मार्चमध्येच बंद होतात, म्हणजे मे महिन्यात शोधायला बसलात तर उरतात ती मुख्यतः फी घेणारी ठिकाणं.

पायरी ३: प्रयोगाचं घड्याळ मोजा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात आणि मला सगळ्यात जास्त हीच पटवून द्यायची आहे.

सहा आठवडे म्हणजे कामाचे तीस दिवस. पहिले चार-पाच दिवस सुरक्षेचं प्रशिक्षण, ओळखपत्र आणि जुने पेपर वाचण्यात जातात. शेवटचे चार-पाच दिवस पोस्टर आणि सादरीकरण खातं. हातात राहिले वीस. त्या वीस दिवसांत तुमचा प्रयोग किती वेळा करून बघता येईल? एकदाच जमणार असेल तर तो फसला की खेळ खलास. आणि पहिला प्रयत्न फसतोच, अगदी आमचाही.

हे गणित जीवशास्त्रात फार सोपं आहे, कारण प्रत्येक सजीवाचं स्वतःचं घड्याळ असतं. ई. कोलाय जिवाणू चांगल्या माध्यमात साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात. आज दुपारी पेरले तर उद्या सकाळी वसाहती मोजता येतात. सी. एलिगन्स हा मिलिमीटरभर लांबीचा कृमी अंड्यापासून प्रौढ व्हायला तीन-चार दिवस घेतो. फळमाशीला २५ अंश सेल्सिअसला सुमारे दहा दिवस लागतात, म्हणजे संकर लावून दुसरी पिढी बघायची तर तीन आठवड्यांहून जास्त. इथे विचारायचा प्रश्न असा: पहिला संकर मी यायच्या आधीच लावून ठेवणार आहात का? ज्या मेंटॉरने, म्हणजे मार्गदर्शकाने, खरंच विचार केलाय, तो लगेच 'हो' म्हणतो.

वनस्पतींच्या लॅबमध्ये अरॅबिडॉप्सिस हे छोटं झाड वापरतात. बीपासून पुन्हा बी यायला त्याला सहा-आठ आठवडे लागतात, पण रोपाची मुळं प्लेटवर आठवड्याभरात मोजण्याइतकी वाढतात. म्हणजे 'क्षारांचा मुळांच्या वाढीवर परिणाम' हा प्रकल्प उन्हाळ्यात तीनदा करता येईल आणि 'क्षारांचा बियांच्या उत्पन्नावर परिणाम' एकदाही नाही. वाचताना दोन्ही विषय सारखेच दिसतात. उंदरांचं तर विचारूच नका: गर्भारपण सुमारे तीन आठवडे आणि नंतर पिल्लं वयात यायला आणखी सहा-आठ. उंदरांवर काम करणाऱ्या लॅबमध्ये तुम्हाला बहुधा आधीच जमा केलेल्या ऊतींचे काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला मिळतील. ते कामही मोलाचं असतं, पण तिकडे जाताना हे माहीत असलेलं बरं.

संगणकावरच्या कामाला, लॅबच्या भाषेत 'ड्राय लॅब'ला, अनेक जण दुय्यम समजतात. मला हे पटत नाही. प्रथिनांच्या रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून आहे आणि ती सगळ्यांना खुली आहे. जनुकीय क्रमांसाठी जेनबँक आहे, आकाशासाठी स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे आहे. डेटा तयार असल्यामुळे वीसच्या वीस दिवस विचार करण्यात जातात. चूक झाली तर कोड दुरुस्त करून तासाभरात पुन्हा चालवता येतो. हातमोजे घालून काम करायचीच हौस असेल तर गोष्ट वेगळी.

घड्याळ नीट जमवलेल्या कार्यक्रमाचा नमुना बघायचा असेल तर समर सायन्स प्रोग्रॅम या अमेरिकेतल्या शाळकरी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाचा खगोलशास्त्राचा भाग बघा. १९५९ पासून तिथले विद्यार्थी लघुग्रहाची कक्षा काढतात. काही रात्री दुर्बिणीतून पृथ्वीजवळच्या एखाद्या लघुग्रहाच्या प्रतिमा घ्यायच्या, ताऱ्यांच्या तुलनेत त्याची जागा मोजायची आणि मग स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमने कक्षा ठरवायची. पद्धत मुळात गाउस या गणितज्ञाची: १ जानेवारी १८०१ रोजी पिआझी या खगोलशास्त्रज्ञाला सेरेस हा लघुग्रह दिसला आणि काही आठवड्यांत तो सूर्याच्या उजेडात हरवला. तेव्हा गाउसने मोजक्या निरीक्षणांवरून कक्षा मांडली आणि वर्ष संपता संपता सेरेस पुन्हा सापडला. हे काम ठरल्या आठवड्यांत पुरं होतं, ढगांसाठी दोन-चार रात्री हाताशी ठेवता येतात आणि विद्यार्थ्यांची मोजमापं जगभरातल्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला येतात. 'माझा प्रकल्प असा आहे का?' हे प्रत्येक जागेबद्दल विचारा.

पायरी ४: शेजारी कोण बसणार?

लॅबच्या प्रमुखाचं नाव दारावर असतं, पण प्रमुख तुम्हाला आठवड्यातून एकदा भेटला तरी खूप. तुमचा उन्हाळा ठरवतो तो पीएचडीचा विद्यार्थी किंवा पोस्टडॉक (पीएचडी संपवून तिथे संशोधन करणारा), ज्याच्या शेजारच्या बेंचवर तुम्हाला जागा मिळते.

माझ्या डोळ्यांसमोरच्या दोन गोष्टी सांगते. आमच्याकडच्या एका मुलीने दुसऱ्या आठवड्यात डीएनएचे तुकडे वेगळे करण्यासाठी जेल, म्हणजे जेलीसारखी चकती, लावलं. तुकडे आकारानुसार वेगळे होण्यासाठी नमुना जेलच्या एका टोकाच्या खाचांमध्ये भरतात आणि विजेचा प्रवाह सोडतात. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे तो धन टोकाकडे, म्हणजे लाल वायरीकडे पळतो. तिने ट्रे उलटा ठेवला होता, खाचा लाल टोकाला. पाच मिनिटांनी शेजारून जाणारा तिचा मेंटॉर थांबला आणि एवढंच म्हणाला, "निळा रंग कुठे चाललाय बघ." नमुन्यात मिसळलेला निळा रंगही ऋण भाराचाच असतो, तो जेलमध्ये शिरण्याऐवजी खाचांमधून मागे, बाहेरच्या द्रावणात निघाला होता. तिने बटण बंद केलं, दोन मिनिटं गप्प उभी राहिली आणि कारण स्वतःच सांगितलं. नंतर तिने ट्रेच्या कडेला मार्करने काळा ठिपका काढला. तो आजही तिथे आहे.

दुसरा मुलगा, दुसरी लॅब, कितीतरी मोठं नाव. हीच चूक. पण त्याचा मेंटॉर परिषदेला गेलेला आणि बाकीचे आपापल्या डेडलाइनमध्ये. कोरं जेल बघून त्याला वाटलं रसायनं खराब आहेत. चार दिवस तो एकेक रसायन बदलत बसला. वीसातले चार दिवस गेले, पण खरं नुकसान वेगळंच होतं. 'आपल्याला हे जमत नाही' असं त्याच्या मनाने घेतलं.

म्हणून होकार कळवण्याआधी एक छोटं ई-मेल लिहा. आगाऊपणा वाटेल अशी भीती नको. मला असं पत्र आलं की मी खूश होते. मजकूर साधारण असा:

"नमस्कार. आपल्याकडे निवड झाल्याबद्दल मनापासून आभार. होकार कळवण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या होत्या. रोजच्या कामात मला कोण मार्गदर्शन करणार आहे, आणि त्या काळात ती व्यक्ती लॅबमध्ये असेल का? एका मार्गदर्शकाकडे किती विद्यार्थी असतील? आणि सहा आठवड्यांच्या शेवटी माझ्या हातून काय पूर्ण होईल अशी आपली अपेक्षा आहे?"

उत्तरात माणसाचं नाव आलं तर फार चांगलं. 'आमची तज्ज्ञांची टीम तुमच्या पाठीशी असेल' असं आलं तर शेजारी कुणीच नसेल, असं समजून चाला.

मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलायला मिळालं तर 'आवडलं का?' हा प्रश्न वाया घालवू नका. त्याला सगळे 'हो'च म्हणतात. 'एखाद्या साध्या मंगळवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंस?' असं विचारा. 'आणि काही अडलं तर पहिल्यांदा कुणाकडे जायचास?' दुसऱ्या प्रश्नावर समोरचा किती वेळ आठवत बसतो, तेही ऐकून घ्या.

पायरी ५: पैसा

फी आहे की स्टायपेंड, म्हणजे तुम्हाला मिळणारा भत्ता, हे पहिल्या पानावर दिसतं. प्रवास, राहणं, जेवण, विमा दिसत नाही. सगळा हिशेब लेखी मागवा आणि घरच्यांसमोर ठेवा. आर्थिक मदतीचा अर्ज अनेक ठिकाणी मुख्य अर्जासोबतच भरायचा असतो. निवड झाल्यावर मागितली तर हात वर केले जातात. बिनपगारी कामाचीही किंमत असते. उन्हाळ्यात नोकरी करून घराला हातभार लावणाऱ्याला आठ आठवडे फुकट राबणं परवडत नाही. पैसे देणारी जागा त्या कारणासाठी निवडली, तर कुणासमोर सफाई द्यायची गरज नाही.

आता ऑनलाइन मार्गदर्शन. काही ठिकाणी खरोखर चांगला संशोधक तासाच्या हिशेबाने शिकवतो आणि विद्यार्थ्याला लिहायला-वाचायला लावतो. पण दोन वाक्यं दिसली की पान बंद करा. एक, 'आज पैसे भरल्यास सवलत'. संशोधक जागा अशी विकत नाहीत. दोन, 'पेपर प्रकाशित होण्याची हमी'. खऱ्या नियतकालिकात पेपर आधी संपादक बघतो, मग त्याच विषयातले इतर संशोधक तपासतात, दुरुस्त्या येतात आणि यात महिने जातात. शेवटी नकारही येऊ शकतो. त्यामुळे हमी देणारा एक तर खोटं बोलतोय किंवा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या ठिकाणी पाठवणार आहे. स्वतःचं काम छापून यावं अशी इच्छा असेल तर शाळकरी विद्यार्थ्यांचंच संशोधन तपासून छापणारं जर्नल ऑफ इमर्जिंग इन्व्हेस्टिगेटर्स बघा. तिथे परीक्षण खरं होतं.

लॅबमधल्या सहा आठवड्यांनंतर पेपरवर लेखक म्हणून नाव येणं दुर्मीळच. आभाराच्या ओळीत नाव आलं तर ते मानाचं समजा.

पायरी ६: विज्ञान स्पर्धेत उतरायचं असेल तर

हे आधी ठरवा, कारण नंतर दुरुस्त होत नाही. उन्हाळ्यातलं काम आयसेफसारख्या (शाळकरी विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धा) स्पर्धेत न्यायचं असेल तर काही कागद प्रयोग सुरू होण्याआधी मंजूर व्हावे लागतात. माणसांवरचा अभ्यास (साधी प्रश्नावलीसुद्धा यात येऊ शकते), पृष्ठवंशी प्राणी किंवा घातक ठरू शकणारे जैविक घटक असतील तर आधी परवानगी, मग प्रयोग. संशोधन संस्थेत काम केलं असेल तर तुमचा वाटा नेमका किती होता, हे सांगणारा वेगळा फॉर्म तिथल्या संशोधकाकडून भरून घ्यावा लागतो. लॅबचा डेटा लॅबचा असतो, तो बाहेर दाखवायला चालेल का हेही पहिल्याच आठवड्यात विचारा. स्पर्धेच्या आदल्या महिन्यात 'हे अजून प्रसिद्ध झालेलं नाही, दाखवू नकोस' असं ऐकलेली मुलं मला माहीत आहेत.

पायरी ७: ठरवा आणि कळवा

प्रत्येक जागेसाठी एक कोरा कागद घ्या आणि तीन वाक्यं स्वतःच्या शब्दांत पूर्ण करा: "मी या प्रश्नाचं उत्तर शोधणार आहे…", "माझ्या शेजारी … बसणार आहे", "फसलं तर … वेळा पुन्हा करता येईल". माहितीपत्रकातली वाक्यं उतरवायची नाहीत. ज्या कागदावर तिन्ही रिकाम्या जागा भरल्या, तिकडे जा, मग ती संस्था तुमच्या शेजाऱ्यांनी ऐकलेली नसली तरी चालेल. दोन्ही कागद भरले असतील तर नाव बघून निवडा. तिथे नावाला माझी हरकत नाही. आणि एकही कागद भरला नाही तर दोन्हींना वर दिलेलं ई-मेल पाठवा आणि थांबा.

निर्णय झाला की दुसऱ्या ठिकाणी नकार त्याच दिवशी कळवा. प्रतीक्षा यादीत कुणीतरी रोज मेल तपासत बसलेलं असतं. दोन्हीकडे होकार देऊन ठेवायचा आणि ऐनवेळी एक सोडायचं, हे करू नका. एकाच विषयातले लोक एकमेकांना ओळखतात आणि पुढे शिफारसपत्र लागणारच असतं.

कुठूनच होकार आला नाही तर सगळ्यांना खुला असलेला डेटा आहेच. झूनिव्हर्स या वेबसाइटवर खऱ्या संशोधकांचे प्रकल्प चालतात आणि त्यात कुणीही भाग घेऊ शकतं. २००७ साली त्यातल्याच गॅलेक्सी झूवर दीर्घिकांचे फोटो बघताना हॅनी व्हॅन आर्केल या डच शिक्षिकेला एक विचित्र चमकता ढग दिसला. तिने 'हे काय आहे?' एवढंच विचारलं. पुढे त्यावर शोधनिबंध निघाले, हबल दुर्बीण तिकडे वळली आणि तो ढग आज तिच्याच नावाने ओळखला जातो.

जायचं ठरलंच असेल तर निघण्याआधी एक बांधीव वही घ्या, सुट्या पानांची नको. पानांना क्रमांक घाला आणि पेनानेच लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, खाडाखोड किंवा व्हाइटनर नको, कारण चुकीची म्हणून खोडलेली नोंद तीन आठवड्यांनी बरोबर निघते. लॅबमध्ये पुढून बंद असलेले बूट लागतील. आणि पहिल्या दिवशी पिपेट, म्हणजे मोजून द्रव उचलायचं साधन, हातात आलं की आधी साधं पाणी घेऊन बटण दाबून बघा: अंगठ्याला दोन थांबे लागतील. द्रव घेताना पहिल्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. ते अंगठ्याच्या सवयीचं होईपर्यंत महागड्या रसायनाला हात लावू नका.